पोहे आलेत, सकाळी या

इंदूरच्या सुदामा नगरात आमचं किराण्याचं दुकान आहे. वडिलांनी टाकलेलं, आता मी चालवतो. पुण्या-मुंबईच्या नातेवाईकांना अजून वाटतं की लॉकडाउनमध्ये किराणावाल्यांची चांदी झाली. झाली असेल कुणाची. माझ्याकडे त्या दिवसांतली एक कापडी थैली राहिली आहे. ती माझी नाही. गल्ल्याखालच्या कप्प्यात पडून आहे.

२०२०चा मार्च आठवा. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगाची मोठी मिरवणूक, त्या वर्षी रद्द झाली होती. तिची भरपाई आमच्या इंदूरकरांनी २२ तारखेला, जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी करून घेतली. दिवसभर चिडीचूप बसले आणि पाच वाजता थाळ्या-झेंडे घेऊन राजवाड्यावर असे जमले जणू भारताने वर्ल्ड कप जिंकलाय. त्यानंतर दोन-तीन दिवसांत पहिले पेशंट सापडले, कर्फ्यू लागला, आणि बघता बघता देशभरच्या बातम्यांत इंदूरचं नाव यायला लागलं. तिकडे भोपाळात २३ मार्चला सरकार बदललेलं. २१ एप्रिलपर्यंत मुख्यमंत्री म्हणजेच मंत्रिमंडळ. इकडे आदेश रात्री अकराला व्हॉट्सॲपवर यायचा आणि सकाळी चौकातला शिपाई त्याचा स्वतःला समजेल तो अर्थ लावायचा.

मार्च संपता संपता किराणासुद्धा बंद झाला. मग निघाली ती घरपोच व्यवस्था. बाहेरच्यांना सांगितलं तर हसतात, पण खरं आहे: किराण्याची चिठ्ठी कचरागाडीला द्यायची. स्वच्छतेत तोवर आमचा देशात सलग तीनदा पहिला नंबर आलेला, त्यामुळे गाडी प्रत्येक दारात रोज येतेच, गाणं वाजवत. ओला कचरा एकीकडे, सुका एकीकडे, आणि गाडीवाल्याच्या खिशात तुमची साखर-चहापत्ती. त्याने ती चिठ्ठी नेमून दिलेल्या दुकानात आणून टाकायची आणि दुकानदाराने माल घरी पोहोचवायचा. काउंटरवरून एक काडेपेटीही द्यायची नाही. दिसली तर दुकान सील. आमच्याकडे आजूबाजूच्या सहा गल्ल्या होत्या.

लोक वैतागले, आणि मी त्यांना दोष देत नाही. पण ज्याने ही व्यवस्था कागदावर आखली त्याने आयुष्यात कधी कुणाची चिठ्ठी वाचली नसावी. 'तेल छोटं.' 'साबण लाल.' 'नेहमीची चहापत्ती.' नेहमीची म्हणजे कुणाची नेहमीची? खाली नाव नाही, नुसतं 'पांढरं गेट'. सहा गल्ल्यांत पांढरी गेटं मी मोजली, एकतीस भरली. काही चिठ्ठ्या ओल्या कचऱ्याच्या डब्याला लागून आलेल्या, त्यांवर शाई कमी आणि आंब्याचा रस जास्त. तरी अक्षरावरून मी निम्मी घरं ओळखायचो. वीस वर्षं माणसांची उधारी लिहिली की एवढं येतं.

आणि शेव! दर दुसऱ्या चिठ्ठीत शेव. नमकीन जीवनावश्यक नाही असं वरून ठरलं होतं. ठरवणारा इंदूरचा नसणार. एकाने लिहिलं होतं, 'सेव नहीं तो बाक़ी भी मत भेजना.' दुसऱ्याने थेट 'गेहूं लोकवन ४ क्विंटल'. हसू नका, तो शहाणा माणूस होता. माळव्यात वर्षाचा गहू एप्रिल-मेमध्येच भरतात, निवडतात, कोठीत टाकतात. मंडी बंद, मग बिचाऱ्याने कचरागाडीवर भरवसा ठेवला.

मुलगा आणि मी रात्री माल भरायचो. वडील सुतळी न तोडता एका हाताने वर्तमानपत्राची पुडी बांधायचे, ती कला माझ्याकडे आहे. पण तेव्हा वर्तमानपत्राच्या कागदाचीही भीती. लोक म्हणायचे, छापील कागद नको. प्लास्टिकची पाकिटं मिळेनात. शंभर ग्रॅम जिरं कशात द्यायचं, हा त्या महिन्यातला माझा सगळ्यात मोठा प्रश्न होता.

आता थैलीचं सांगतो.

बगिच्यांना कुलपं होती. आमच्या सेक्टरच्या बगिच्याला तर साखळी. लोक गच्चीवर गोल गोल फिरायचे, खालून बघितलं तर सगळी कॉलनी घाण्याला जुंपल्यासारखी. ज्यांना गच्ची नव्हती त्यांनी थैली शोधून काढली. हातात रिकामी कापडी थैली घेतली की माणूस फिरायला नाही, सामान आणायला निघालेला असतो. पास तो हाच. सकाळी साडेपाच ते साडेसहा आमच्या रस्त्यावर निदान पंधरा थैल्या हिंडायच्या. शटरवर टकटक करून सांगून ठेवायचे, "भिया, कोणी विचारलं तर तुमच्याकडेच आलो होतो हं." मी आतून "हो" म्हणायचो. "हो" म्हणायला काय जातं?

त्यांत बँकवाले काका नव्हते. समोरच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, बँकेतून रिटायर होऊन दहा-बारा वर्षं झालेली, शुगर आहे. डॉक्टरांनी रोज चार किलोमीटर चालायला सांगितलेलं, तर हा माणूस कर्फ्यू लागल्यापासून दोन खोल्यांत भिंतीला हात लावून फेऱ्या मोजत होता. नियम म्हणजे नियम. त्यांची चिठ्ठी ओळीने यायची, अनुक्रमांक घालून, खाली सही. एवढी सरळ चिठ्ठी सहा गल्ल्यांत दुसरी नव्हती.

त्या चिठ्ठीत चार वेळा एकच वस्तू होती: जाड पोहे, अर्धा किलो. चारही वेळा मी पुढे 'नाही' लिहून पाठवलं. आमच्याकडे पोहे यायचे उज्जैनच्या मिलांमधून, सियागंज या घाऊक बाजारामार्गे. सियागंज बंद, गाड्या बंद. इंदूरात पोहे नाहीत, हे वाक्य लिहितानाही विचित्र वाटतं. आणि काकूंना बाजारचे वाफेवरचे, बडीशेप घातलेले पोहे चालत नाहीत. घरचेच लागतात, ओलं खोबरं घालून, वर थोडं जिरावन, म्हणजे इंदुरी मसाला. तेवढीच त्यांची इंदूरशी तडजोड.

मग एका संध्याकाळी सियागंजच्या ओळखीच्या व्यापाऱ्याने पोह्यांचा एक कट्टा, म्हणजे पोतं, दिला. एकच. आणि इथे मी जे केलं ते आधी सांगतो, कारण नंतरचं त्यातूनच आलं. तो कट्टा मी यादीवर आणला नाही. आणला असता तर सहा गल्ल्यांना शंभर शंभर ग्रॅम आले असते आणि वर भांडणं. मी अर्ध्या अर्ध्या किलोची पाकिटं केली आणि ओळखीच्यांना फोन लावले. बाकी चिठ्ठ्यांवर पोह्यांपुढे 'नाही' लिहीत राहिलो. त्यात चूक आहे असं तेव्हा मला वाटलंही नाही. दुकान ओळखीवरच चालतं.

काकांनाही फोन केला. "पोहे आलेत, सकाळी या. सहाच्या आत. शटर वाजवा, मी खालून देतो."

ते म्हणाले, "मुलाला पाठव ना, डिलिव्हरीत."

मी म्हटलं, "डिलिव्हरीत दिले तर बाकीचे बघतील, काका. दोन मिनिटांचं काम आहे. तेवढेच पायही मोकळे होतील."

हे शेवटचं वाक्य मी बोललो नसतो तर बरं झालं असतं.

सकाळी पावणेसहाला मी आत होतो, शटर दीड फूट वर. आठ पाकिटं मांडून ठेवलेली. बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला, मग कुणाला तरी दटावल्याचा, मग उठाबशा मोजण्याचा. दोन पोरं सापडली होती, इअरफोन लावून जॉगिंग करणारी. नंतर पावलं माझ्याकडे आली आणि शटरवर काठी वाजली. "ऊपर करो."

केलं. काका उभे होते, मास्क, चष्म्यावर वाफ, हातात थैली. इस्त्रीचा शर्ट. अर्ध्या किलो पोह्यांसाठी माणूस इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बाजूला एक तरुण शिपाई, मागे जीपमध्ये साहेब. शिपाई रात्रभराचा जागा दिसत होता, डोळे लाल. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याच्या जागी मी असतो तर याहून मोठ्याने ओरडलो असतो.

"ये बोल रहे हैं किराना लेने आये हैं. तुमने बुलाया था इनको?"

सरळ प्रश्न. पंधरा थैलीवाल्यांना मी आतून "हो" म्हणत आलो होतो, पण विचारायला कधी कुणी आलं नव्हतं. ज्या दिवशी विचारलं, त्या दिवशी समोर तोच एक माणूस होता ज्याला मी खरंच बोलावलं होतं. शिपायाची नजर माझ्या मागे पाकिटांवर. डोक्यात एकच शब्द: सील. आत दीड लाखाचा माल, मुलाचा डिलिव्हरीचा पास, सहा गल्ल्या.

मी म्हटलं, "नहीं साहब. हम तो काउंटर से देते ही नहीं. ये सब होम डिलिव्हरी का है."

काकांनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ, सांगता येणार नाही. मग चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला आणि शिपायाला म्हणाले, "घूमने निकला था. शुगर है मुझे."

म्हणजे माझं खोटं त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. एका शब्दाने म्हणू शकले असते की याने काल फोन केला होता. फोनमध्ये नंबर होता, वेळ होती. साहेब जीपमधूनच म्हणाले, "अंकल, पढ़े-लिखे होकर आप लोग ही ऐसा करते हो." काकांनी थैलीची व्यवस्थित घडी घातली, माझ्या पायरीवर ठेवली आणि जीपमध्ये बसले. दोन्ही पोरं मागे.

सरकारी आदेश मोडल्याचं कलम १८८ लावलं नाही. चौकीवर दोन तास बसवलं, समज दिली, सोडलं. पण कुणीतरी फोटो काढला होता, जीपमध्ये बसतानाचा. नऊ वाजता तो कॉलनीच्या ग्रुपवर आला. खाली आमच्या सचिवांनी लिहिलं, 'ऐसे ही लोगों के कारण इंदौर बदनाम हो रहा है.' या सचिवांनी आदल्या दिवशी माझ्याकडून, याच शटरखालून, त्याच कट्ट्यातले एक किलो पोहे नेले होते. एक किलो. मी ग्रुपवर काहीतरी टाइप केलं आणि पुसलं. आणखी तिघांनी हात जोडल्याच्या इमोजी टाकल्या, त्यांतले दोघे रोजचे थैलीवाले.

दुपारी मी मुलाबरोबर पोहे पाठवले, पैसे घ्यायचे नाहीत असं सांगून. तो पाकीट घेऊन परत आला. काकूंनी दाराआडून सांगितलं होतं, "चिठ्ठीत लिहिलेले नाहीत."

थैली उघडून बघितली. आत काकूंच्या अक्षरात कागद: जाड पोहे अर्धा, जिरावन असेल तर. आणि मोजून सुटे पैसे. ते पैसे मी दुसऱ्या दिवशी सामानाबरोबर परत केले, पावती लिहून आली. थैली मात्र मी स्वतः जाऊन देणार होतो.

गंमत अशी की गल्ल्या नेमून दिलेल्या असल्यामुळे त्यांना दुसरं दुकान धरता येईना. दर तिसऱ्या दिवशी कचरागाडीतून चिठ्ठी यायची, अनुक्रमांक, खाली सही. मागची उधारी त्यांनी पहिल्याच आठवड्यात पैशापैशाने चुकती केली. पोहे पुन्हा कधी लिहिले नाहीत. मे महिन्यात तर माझ्याकडे पोह्यांची थप्पी लागली होती, तेव्हाही नाही. जूनमध्ये बाजार हळूहळू उघडला आणि त्यांची चिठ्ठी थांबली. आता पुढच्या चौकातल्या दुकानातून नेतात.

बोलणं तुटलं नाही. रस्त्यात भेटले की "काय राजा, ठीक?" विचारतात. मी "हो काका" म्हणतो. बायको म्हणते, थैली मुलाच्या हाती पाठवून दे आणि मोकळा हो. तिला हे सगळं फार लहान वाटतं. त्या महिन्यात लोकांनी काय काय भोगलं त्यापुढे आहेच लहान.

मागच्या दिवाळीनंतर एकदा सकाळी मी दुधाचे क्रेट उतरवत होतो आणि काका समोरून आले. मी विचारूनच टाकलं. "काका, त्या दिवशी तुम्ही साहेबांना सांगितलं का नाही, मीच फोन केला होता म्हणून?"

ते थांबले. जुन्या खात्यातली नोंद शोधावी तसा थोडा विचार केला.

"सांगितलं असतं तर तुझं दुकान सील झालं असतं. मग साखर कुणी दिली असती आम्हाला? आमची गल्ली तुझ्याकडेच होती."

एवढं बोलून चालायला लागले. हातात थैली होती, नवी, रिकामी. सहा वाजायला आले होते, दुकानं उघडायला अजून दोन तास होते.