खानापूरचा श्रावण, सातवीच्या कागदावर

शनिवार, सकाळची शाळा.

सातवीला आज बालकवींची श्रावणावरची कविता घ्यायची होती. शब्दार्थ फळ्यावर लिहिण्याआधी ती दोनदा मोठ्याने वाचली आणि मुलांच्या हाती कोरे कागद दिले. ‘कवीला काय म्हणायचे आहे’ असे विचारले की आमची मुले गाईडमधले वाक्य घडाघडा म्हणून दाखवतात. चित्राचे गाईड मात्र अजून कोणी छापलेले नाही.

रंगपेट्या सगळ्यांकडे नसतात, म्हणून शाळेमागची तांबडी माती, कोळसा, हळद आणि चुना यांवर भागवले. हळदीत चुना कालवताच ती लालभडक झाली, तेव्हा वर्गात उठलेला गलका शेजारच्या वर्गाला खचितच आवडला नसणार. निळा रंग काही आमच्याकडे नव्हता, पण तो कोणी मागितलाही नाही.

त्याचे कारण चित्रे हाती आल्यावर कळले. बहुतेक कागदांवर आभाळ कोळशाने गच्च भरलेले होते आणि त्याखाली चिखलणी केलेल्या शेतात, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, ओणव्याने भाताचे रोप लावणाऱ्या बायका होत्या. एकाने तर सरळ विचारले, “बाई, आमच्या हितं श्रावणात ऊन कुठं पडतंय?” प्रश्न रास्त होता. बालकवी (१८९०–१९१८) खानदेशातल्या धरणगावचे. तिकडचा पाऊस बेताचा, आणि आमचा बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका सह्याद्रीला टेकलेला, जिथे एकदा झड लागली की वाळत घातलेले कपडे दिवसेंदिवस ओलेच राहतात. कवितेशी एवढा नेमका वाद प्रश्नोत्तरांच्या तासाला मी कधी ऐकलेला नाही.

मग ‘तुमचा श्रावण लिहा’ असे सांगितले. ‘सुंदर’, ‘मनमोहक’ आणि ‘निसर्गरम्य’ या तीन शब्दांना मात्र बंदी घातली. काहींचे कागद कोरेच राहिले. उन्हाचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाने लिहिले:

आमच्या श्रावणाला ऊन म्हाईत नाही
चुलीच्या उबंला वाळते माझी वही

‘म्हाईत’ आणि ‘उबंला’ मी लाल शाईने सुधारले नाही. त्यानंतर मूळ कविता पुन्हा वाचली, तेव्हा सर येते न येते तोच पडणारे ऊन मुलांना प्रथमच नवलाचे वाटले, कारण तसे ऊन त्यांच्या चित्रात नव्हते.

कवयित्री इंदिरा संत (१९१४–२०००) याच बेळगावात भावी शिक्षकांना शिकवत होत्या, हे शिक्षकांच्या बैठकीत आम्ही अभिमानाने सांगतो आणि वर्गात मात्र कविता रसग्रहणाच्या आठ ओळींत कोंबतो. परीक्षेसाठी त्या आठ ओळी मलाही सोमवारी लिहून द्याव्या लागणारच आहेत.

पुढच्या शनिवारी आजीकडून जात्यावरची एक ओवी ऐकून यायला सांगितले आहे. ज्यांच्या घरी कन्नड बोलतात त्यांनी त्रिपदी, म्हणजे तीन ओळींचे कन्नड लोकगीत, आणायची. तीही जात्यावर गायली जाई, आणि दोन्ही शेजारीशेजारी ठेवून चित्र काढायचे ठरले आहे. कोळसा पुरेसा आहे, हळद तेवढी घरून न्यायला हवी.