पोळ्याचा बैल, नाताळचा गोठा

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की आमच्या माळ्यावरून दोन वस्तू खाली येतात. एक ताऱ्याचा कंदील, दुसरा तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, बैल. कंदिलाचं कुणी काही विचारत नाही. बैलाचं मात्र दरवर्षी एखाद्या पाहुण्याला समजावून सांगावं लागतं.

बैल वीतभर उंचीचा, लाकडी, चार चाकांवर उभा. एक चाक कधीच हरवलं, त्या जागी बाबांनी औषधाच्या बाटलीचं झाकण ठोकलंय, त्यामुळे ओढला की तो किंचित लंगडतो. डावं शिंग अर्धं. पाठीवरची लाल झूल आता फक्त खाचांमधून दिसते. हा बैल घेऊन लहानपणी मी गल्लीभर बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी, मागत हिंडलेय. ख्रिस्ती घरातली पोर म्हणून कुणी चार आणे कमी दिले नाहीत. एका आजींनी तर बैलाला ओवाळून माझ्याही कपाळाला कुंकू लावलं होतं, आणि घर येईपर्यंत मी ते फ्रॉकच्या बाहीने पुसत होते.

त्याच वर्षी बाबांनी संत्र्याच्या पेटीचा गोठा केला. आंबिया बहाराची संत्री घरात आली होती, पेटी रिकामी झाली होती, फळ्यांना अजून सालीचा वास होता. आत तणस पसरली. मरिया, योसेफ, बाळ मातीचे होते, मेंढपाळ पुठ्ठ्याचे. बैल नव्हता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोळ्याच्या बैलाकडे पाहिलं, त्याच्या गळ्यातला दोरा सोडला आणि त्याला गव्हाणीशी नेऊन उभा केला. तो मरियेच्या दुप्पट उंच होता. तिला त्याचा त्रास झालेला दिसला नाही.

नाताळच्या भेटीला आलेले मंडळीतले एक वडील, म्हणजे चर्चमधले एक पुढारी, मात्र अस्वस्थ झाले. पोळ्याचा बैल प्रभूच्या गोठ्यात? बाबा म्हणाले, "टिळक तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. आमचा बैल तान्ह्या पोळ्यावरून आला." टिळक म्हणजे ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, ते टिळक. तुकारामाच्या पुलाचं, म्हणजे तुकोबांच्या अभंगांवरून ख्रिस्ताकडे पोचल्याचं, म्हणणं त्यांचंच. आमच्या घरात टिळकांचं नाव निघालं की वाद संपतो. पण वडील पक्के होते. "ते राहू द्या, पण शास्त्रात बैल आहेच कुठे?"

बाबांनी बायबलमधला लूक काढला. दुसरा अध्याय वर-खाली वाचला. गव्हाणी होती, बाळाला गुंडाळायची बाळंती होती, उतारशाळेत जागा नव्हती. बैल नव्हता.

मला त्या वेळी बैलाची फार काळजी वाटली. आता त्याला परत माळ्यावर टाकतात की काय! टाकला नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि पुढे मोठी झाल्यावर कळलं की तो बैल यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून आलाय, अगदी पहिल्या अध्यायातून. बैल आपला धनी ओळखतो, गाढव मालकाचं ठाण ओळखतं, माझ्या लोकांना मात्र ओळख नाही, अशी देवाची तक्रार आहे तिथे. कुणीतरी भाविकाने ती तक्रार वाचली आणि त्या दोन ओळखणाऱ्या जनावरांना बाळाजवळ आणून बांधलं. मग १२२३च्या नाताळात इटलीतल्या ग्रेचो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणवलं, आणि त्या गव्हाणीशी उपासना झाली. बाळाचं हाल सोसणं त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. जमलेल्यांपैकी एकाला गव्हाणीत निजलेलं बाळ दिसलं, असं त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय. आठशे वर्षांपूर्वीचं ते गवत, आणि आमची संत्र्याची पेटी!

ते वडील अगदीच चुकीचे होते असंही नाही. बैल गोठ्यात आला तो कल्पनेनेच, आणि माणसाच्या मनातल्या कल्पना बाळपणापासून वाईट असतात, हे उत्पत्तीच्या पुस्तकात आहेच, आणि त्याचा पुरावा मी रोज देते. माझी कल्पनाशक्ती बेताची, असं मी चारचौघांत म्हणत असते. पण मुलगी क्लासवरून साडेआठला यायची ती नऊपर्यंत आली नाही आणि फोन लागत नसला, की छत्रपती चौकातला ट्रक मला नंबरासकट दिसतो. तिची निळी बॅग रस्त्याच्या कुठल्या बाजूला पडलीय ते दिसतं. दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या फिनेलचा वास येतो. मी कुणाला आधी फोन करणार आणि ते काय म्हणणार, हेसुद्धा ठरलेलं असतं. तेवढ्यात ती येते. मैत्रिणीबरोबर पाणीपुरी खात थांबलेली असते. आणि त्याच रात्री "प्रभू, तू जवळ आहेस" असं म्हणून डोळे मिटले की पुढे काय दिसतं? काही नाही. अंधार, आणि उद्याच्या डब्याची भाजी. कल्पनेची देणगी मिळालेली आहे, उत्तम चालू स्थितीत आहे, फक्त सगळी भीतीच वापरून टाकते.

येशू ती कशी वापरायचा ते पाहावं. माझा शेजारी कोण, असं शास्त्र्याने विचारलं तर त्याने व्याख्या दिली नाही, यरीहोच्या वाटेवर एक माणूस मार खाऊन पडलेला दाखवला. आणि ते कुसळ-मुसळ! मराठी शास्त्रात ज्याने कुणी 'मुसळ' हा शब्द घातला त्याचे माझ्यावर उपकार आहेत. डोळ्यात आख्खं मुसळ घेऊन दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला वाकलेला माणूस जरा बघा तरी. तो वाकला की समोरच्याचं कपाळ फुटणार. सुताराच्या घरी वाढलेल्याचा विनोद आहे हा, आणि देवळात आपण तो असा ऐकतो की जणू कुणाची मयत आहे.

संडे स्कूलच्या पोरांना मी यंदा नाताळची गोष्ट सांगितली नाही. सोळाव्या शतकातल्या संत इग्नेशियस लोयोलाने आपल्या साधनेच्या पुस्तकात सांगितलंय की नासरेथहून बेथलेहेमची वाट मनाने बघा: किती लांब, किती रुंद, सपाट की दऱ्याखोऱ्यांची. गुहा किती बुटकी तेही बघा. आणि मग तिथे एक गरीब चाकर होऊन उभे राहा. मी पोरांना एवढंच म्हटलं की ते अंतर चालत साधारण दीडशे किलोमीटर भरतं, म्हणजे आपलं नागपूर ते अमरावती.

पुढचा अर्धा तास मला बोलायला मिळालं नाही.

"पहिल्या दिवशी वाडीच्या पुढे नाही जाऊ शकत, तिला पोटात बाळ आहे."

"बाजारगावला थांबतील."

"कोंढाळीपर्यंत जातील न, काऊन नाही?"

"चालून पाहा तू! माझी आई राहते न अशी, तिचे पाय सुजतात." ही मुलगी एरवी वर्गात तोंड उघडत नाही. ती सांगत गेली, की मरियेला दर थोड्या वेळाने बसावं लागेल, थंडीत दगडावर बसवायचं नाही, खाली काहीतरी पसरायचं. योसेफाने शाल घेतली असेल का? मी म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, घेतली, पण एकच.

कारंजा, तळेगाव, तिवसा. एकाने मोझरीला हरकत घेतली: तिथे गुरुकुंज आहे, तुकडोजी महाराजांच्या आश्रमात कुणी जागा नाही म्हणणारच नाही, मग गोष्ट तिथेच संपेल. वर्ग गप्प झाला. गोष्ट मोझरीला संपू द्यायची की नाही यावर हात वर करून मतं घेतली. बरोबरीत सुटली.

मग मागच्या बाकावरून नवा मुद्दा आला, की गाढवाला पाणी कुठे पाजायचं? बाजारगावला, का थेट कोंढाळीला? दोन गट पडले. लूकमध्ये त्या प्रवासात गाढवही नाही, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी खडू उचलला आणि फळ्यावर बाजारगावच्या पुढे एक हौद काढला.