शिंपल्यांची नदी
नदीच्या उथळ, नितळ पाण्यात वाकून पाहिले, तर वाळूत अर्धवट रुतलेला काळपट शिंपला आधी दगडच वाटतो. मग त्याची किंचित उघडी फट आणि तिची झालरीसारखी कड दिसते. मोती देणारा हा गोड्या पाण्यातील शिंपला 100 वर्षांहून अधिक जगू शकतो, मात्र त्याच्या सूक्ष्म अळ्यांना सॅमन किंवा ट्राउट माशांच्या कल्ल्यांना चिकटून काही महिने काढावे लागतात आणि त्यानंतर पिल्ले कित्येक वर्षे तळाच्या खडीत दडून राहतात. त्या खडीत गाळ भरला की प्राणवायू मिळेनासा होतो आणि पिल्ले गुदमरतात. म्हणूनच नुसते जुने, मोठे शिंपले पाहून नदी सुखरूप मानणे मला घातक वाटते. प्रयोगशाळेत पिल्ले वाढवण्याचे काम मोलाचे आहेच, पण त्याआधी काठची झाडे राखून गाळ थोपवायला हवा आणि माशांची वाट अडवणारे निरुपयोगी बांध काढायला हवेत.