शेपटाची ड्यूटी

सायकल ग्रुपमध्ये सगळ्यात पुढे लीडर असतो आणि सगळ्यात मागे मी. पोरं मला ‘शेपूट’ म्हणतात. काम एका वाक्याचं आहे: माझ्या मागे कुणी राहायचं नाही. पाठीवर पंप, ट्यूबा, चेनची जोडकडी, पॅच, सोल्युशन, औषधांची पिशवी आणि दोन-तीन चिक्कीची पाकिटं. लीडर फोटोत येतो, शेपूट येत नाही. सात वर्षं हे करतोय, तक्रार नाही.

गेल्या सप्टेंबरच्या शेवटी पुण्याचे बारा जण घेऊन स्पेनमध्ये होतो. माद्रिदच्या उत्तरेला सेगोव्हिया प्रांतात दुरातोन नदीनं चुनखडीचं पठार कापून नागमोडी घळ केली आहे, पंचवीसेक किलोमीटर लांबीची. 1989 पासून तो भाग संरक्षित उद्यान आहे. आदल्या दिवशी सेगोव्हियाहून साठेक किलोमीटर मारून आम्ही सेपूल्व्हेदा गावात मुक्काम केला होता. त्या दिवशीचा बेत हलका होता. नदीवरचा पूल, मग व्हियासेका गाव, तिथून चारेक किलोमीटर कच्चा रस्ता आणि शेवटी घळीच्या टोकावरचं सान फ्रुतोसचं जुनं देऊळ बघून दोनच्या आत जेवायला परत. सेपूल्व्हेदात भट्टीत भाजलेलं कोकरू प्रसिद्ध आहे. आमच्यातले निम्मे शाकाहारी, तरी टेबल सांगून ठेवलेलं.

आपल्याकडची दरी लांबून दिसते. डोंगर आला की पुढे दरी येणार हे कळतं. इथं तसं नाही. सपाट माळ, कापलेल्या गव्हाची धसकटं, मधूनच बुटकी सबिनाची झाडं, आणि काठावर जाऊन उभं राहीपर्यंत पायाखाली शंभर मीटर खोल काही आहे याचा पत्ताच लागत नाही. रस्ता मात्र पुलापाशी एकदम नदीत उतरतो आणि लगेच वर चढतो. त्या चढावर डॉक्टरांचा गुडघा बोलायला लागला.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. वय 66, नगर जिल्ह्यात सरकारी दवाखान्यांत नोकरी करून निवृत्त. ग्रुपमध्ये सगळ्यात हळू तेच, त्यामुळे तीन दिवस माझी सोबत त्यांचीच. बोलायचे कमी. रस्त्याकडेला गाय दिसली की थांबून तिचे खूर बघायचे.

व्हियासेकाच्या पुढे कच्च्या रस्त्यावर दीडेक किलोमीटर गेलो असू, त्यांचं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली. दोनशे मीटरवर पुढचं बसलं. दुसरी ट्यूब टाकली, निघालो, तर पुन्हा मागचं. आता ट्यूबा संपल्या. ज्या दुकानातून सायकली भाड्यानं घेतल्या होत्या त्यांनी टायरमधून काटा जाऊच शकत नाही असं छातीठोक सांगितलं होतं. मी टायर उतरवला आणि आतून फडकं फिरवलं. बोट फिरवायचं नसतं, फडकं अडकतं तिथं काटा असतो. पहिला काटा निघाला तसा डॉक्टरांनी तो माझ्या हातातून घेतला, चष्मा कपाळावर सरकवून पाहिला आणि खो खो हसले.

“अरे, हा सराटा आहे. आपला सराटा!”

खरंच होता. तीच दोन शिंगं, तोच पिवळट रंग. लहानपणी शेतात अनवाणी पळालो की टाचेत शिरायचा तोच. रस्त्याच्या कडेला वेल वाळून पसरली होती आणि बाकी अकरा जण चाकोरीतून गेले तेव्हा आमचे डॉक्टर सावलीच्या बाजूनं, नेमके त्या वेलीवरून गेले होते.

लीडरला फोन करून पुढे व्हा म्हणून सांगितलं. तीन ट्यूबा, पॅच लावायचे, म्हणजे पाऊण तास तरी. भोक शोधायला पाणी नव्हतं, म्हणून ट्यूब गालाजवळ धरून हवा लागते का बघत होतो. पॉलिश पेपरनं घासायचं, सोल्युशन लावायचं, ते कोरडं पडेपर्यंत थांबायचं. घाई केली की पॅच निघतो. ही गोष्ट मी नव्या पोरांना शंभरदा सांगतो आणि ती शंभरदा घाई करतात.

“गुडघ्याला काही आहे का तुझ्याकडे?” डॉक्टर दगडावर बसत म्हणाले.

मी पिशवीतनं मलमाची ट्यूब काढून दिली. त्यांनी झाकण उघडलं नाही. नाव वाचलं आणि ती तशीच हातात धरून बसले.

“डायक्लोफेनॅक,” ते म्हणाले. “चांगलं औषध. मी हजारो टोचलंय.”

साडेदहा झाले असतील. ऊन तापलं होतं. घळीच्या बाजूनं पहिलं गिधाड वर आलं. मग दुसरं. मग मोजता येईनात इतकी, एकाच गोल जिन्यावरून चढल्यासारखी, पंख न हलवता. जमीन तापल्यावर वर जाणाऱ्या हवेवर ती तरंगतात, म्हणून सकाळी लवकर दिसत नाहीत, हे मी आदल्या रात्रीच्या ब्रीफिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं. जे सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं, ते म्हणजे आवाज. एक गिधाड अगदी आमच्या डोक्यावरून गेलं. अडीच मीटर पंखांचं धूड, आणि ताडपत्रीतून वारा जावा तसा सणसण आवाज.

डॉक्टर उठून उभे राहिले. गुडघ्याचं काही नाही.

“आमच्या दवाखान्यामागे ओढा होता,” थोड्या वेळानं ते म्हणाले. मी ट्यूब घासत होतो. “पलीकडे ढोरं टाकायची जागा. बैल टाकला की तासाभरात सांगाडा. चाळीस-पन्नास गिधाडं बसलेली असायची. वास म्हणून येत नव्हता. नव्वदच्या पुढे डायक्लो आलं. स्वस्त. लंगडी गाय सकाळी टोचली की संध्याकाळी उभी. शेतकरी पाया पडायचे. माझं नाव झालं त्या तालुक्यात.”

ती जनावरं पुढे केव्हातरी मरायची, तिथंच टाकली जायची. औषध अंगात शिल्लक असेल तर ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात, काळीज-आतड्यांवर यूरिक आम्लाचा पांढरा थर बसतो आणि काही दिवसांत ते मरतं. हे 2004 साली पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरच्या संशोधनातून पक्कं झालं. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं तोवर देशात शंभरात एखादीच उरली होती. 2006 मध्ये जनावरांसाठी डायक्लोवर बंदी आली.

“परिपत्रक आलं तेव्हा मी टेबलावरच होतो,” डॉक्टर म्हणाले. “डायक्लोऐवजी मेलॉक्सिकॅम वापरा म्हणे. वापरलं. चालतंही चांगलं. पण ओढ्यापलीकडे तेव्हा नुसती कुत्री होती. गिधाडं जाऊन सात-आठ वर्षं झालेली. मला वाटलेलं, जागा बदलली असेल त्यांनी.”

मी काय बोलणार? पॅच दाबून धरला.

तेवढ्यात मेंढरांचा कळप आला, मागे साठीचा धनगर आणि एक केसाळ कुत्रं. डॉक्टरांनी माझा फोन मागितला आणि त्यात मराठीत बोलून स्पॅनिशमध्ये ऐकवलं: मेलेली मेंढरं कुठं टाकता? धनगरानं दोनदा ऐकलं. आधी हातानं ट्रकचं स्टिअरिंग फिरवून दाखवलं, मग हनुवटी वर करून आकाशाकडे. फोननं त्याचं उत्तर तुटक दिलं. गायी वेड्या झाल्या (म्हणजे ‘मॅड काउ’ रोग आला) तेव्हा कायदा आला, मेलेलं सगळं ट्रकनं न्यायचं. मग पक्षी उपाशी मरायला लागले. आता ठरलेल्या जागी टाकायला परवानगी आहे. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. मला नंतर सांगितला: लंगड्या मेंढीला काय टोचतोस? कारण स्पेननं 2013 मध्ये जनावरांसाठी डायक्लोला परवानगी दिली, आपण बंदी घातल्यावर सात वर्षांनी. “उत्तर ऐकायची हिंमत झाली नाही,” म्हणाले.

कळप गेला. मी टायरमधून शेवटचं फडकं फिरवून काटे एका दगडावर मांडत होतो.

“किती झाले?” मागून आवाज आला.

“नऊ.”

“नऊ काय? मी त्रेसष्टपर्यंत आलोय.”

ते गिधाडं मोजत होते. ओढ्यापलीकडची मोजायची सवय होती म्हणे, रोज दुपारी डबा खाताना.

आम्ही देवळाच्या वाहनतळावर पोहोचलो तेव्हा बाकीचे परत निघाले होते. तिथून पुढे पंधरा-वीस मिनिटं चालायचं होतं. लीडर घड्याळ दाखवायला लागला. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, कोकराचं टेबल सोडून द्या नाहीतर आमच्याशिवाय खा. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. देवळाच्या अलीकडे खडकात एक भेग आहे, तिच्यावर दगडी पूल. मुसलमान सैन्य चालून आलं तेव्हा संत फ्रुतोसनं काठीनं रेघ ओढली आणि जमीन फाटली, अशी तिथली गोष्ट. पुलाच्या पलीकडे तीन बाजूंना घळ आणि खाली हिरवं, जवळजवळ न हलणारं पाणी. समोरच्या कड्यावर चुनखडी पांढरी पडली होती, विष्ठेनं. प्रत्येक पांढऱ्या ओघळाच्या वर एक कपार.

डॉक्टर कठड्यापाशी बराच वेळ उभे राहिले. मी देऊळ बघून आलो, चिक्की खाल्ली, ब्रेकची वायर घट्ट केली.

परतीला पुलाच्या उतारावर मी नेहमीसारखा त्यांच्या मागे. त्यांनी गुडघ्याला शेवटपर्यंत काही लावलं नव्हतं, मलमाची ट्यूब जर्सीच्या मागच्या खिशातून डोकावत होती. वळण आलं तरी मान वरच.

“डॉक्टर,” मी ओरडलो, “रस्त्याकडे बघा!”