गिलचे जोडफोटो आणि काळा फत्तर

अजिंठ्याला आजवर चार वेळा गेलो, चारही वेळा भिंतींवरची चित्रं पाहून परतलो. या खेपेला मला भिंतच पाहायची होती.

म्हणून आधी भुसावळ गाठलं. मेजर रॉबर्ट गिलला १८७९ साली तिथे पुरलं. कंपनी सरकारने १८४४ मध्ये त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला धाडलं होतं. वर्षानुवर्षं खपून केलेल्या त्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. वाचून पोटात कालवतं. पण त्याचे जोडफोटो त्याआधीच, १८६४ मध्ये, छापून झाले होते.

जोडफोटो म्हणजे एकच देखावा जरासं सरकून दोनदा टिपलेला. दुहेरी भिंगातून पाहिला की दोन चित्रांचं एक होतं आणि खोलपणा उभा राहतो. त्यातल्या काहींच्या छापील प्रती आणि प्लास्टिकचं भिंग घेऊन मी वाघूर नदीच्या पलीकडच्या टेकडीवर बसलो. सोबत धुळ्याचे मामा.

साध्या फोटोत लेण्यांवरचा कडा म्हणजे नुसता काळा डाग. भिंग लावलं आणि तो थराथरांत सुटला. एक कंगोरा पुढे, त्याखालचा आत, पुन्हा एक पुढे. मान वर केली तर समोर तेच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत थिजला, त्याचे हे थर. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात ते स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून, हे मी वाचलं होतं. पायऱ्या दिसल्या त्या तिथे.

मामांनी भिंग डोळ्याला लावलं ते बराच वेळ खाली ठेवलंच नाही. मग म्हणाले, "भाचा, अशी भित ते आपला वावरना मेरवर बी शे."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेताच्या बांधावरची ती भिंत पाहिली. धुळे-नंदुरबारकडे अशा भिंती मैलोन्‌मैल धावतात. भेगांतून वर चढलेला लाव्हा आतच गोठला, भोवतालचा खडक झिजला आणि भिंत उरली. जवळ गेलो तर दगडाचे पैलूदार खांब आडवे, रचून ठेवलेल्या सरपणासारखे. लाव्हा दोन्ही बाजूंनी निवत आत गेला म्हणून ते आडवे.

मी मोबाईल छातीशी धरला. एक फोटो डाव्या पायावर भार देऊन, दुसरा उजव्या.