आईला घेऊन वैक्कम आणि थेक्कडी

आईने पंच्याहत्तरी पूर्ण केली, तेव्हा तिने दोनच गोष्टी मागितल्या. केरळातले शंकर पाहायचे आणि रानातला हत्ती पाहायचा. नाशिकच्या पंचवटीत जन्म गेलेली, रोज सकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाऊन आल्याशिवाय चहा न घेणारी बाई. तिला समुद्रकिनाऱ्याचे किंवा हाऊसबोटीचे आकर्षण नव्हते. मी शहरातल्या एका प्रवासी कंपनीकडे चौकशी केली आणि त्यांनी दिलेला सहा दिवसांचा कार्यक्रम घरी आणून नीट वाचला. त्यात वैक्कमचे देऊळ दुपारी एक वाजता दाखवले होते आणि थेक्कडीच्या अभयारण्यातली बोट सव्वाअकराची होती. त्या वेळेला वैक्कमचे देऊळ बंद असते आणि थेक्कडीचे प्राणी सावलीला गेलेले असतात. कार्यक्रम रस्त्याच्या सोयीने आखला होता. देवाची आणि जनावराची वेळ कोणी विचारलीच नव्हती. त्या रात्री मी ठरवले की ही यात्रा आपण स्वतःच आखायची. ती आखताना आणि पार पाडताना जे कळले, ते वडीलधाऱ्यांना घेऊन निघणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रश्न महिन्याचा होता. आमच्या मनात दिवाळीची सुट्टी होती, परंतु ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केरळात परतीचा पाऊस दुपारनंतर हमखास गाठतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाचा हंगाम असतो. त्या काळात काळी वस्त्रे नेसलेल्या भक्तांनी एट्टुमानूर, वैक्कम ही देवळे आणि थेक्कडीजवळच्या कुमिळीकडे जाणारा घाटरस्ता भरून गेलेला असतो. त्या भक्तीबद्दल मला आदरच आहे, पण पंच्याहत्तरीच्या गुडघ्यांना ती गर्दी झेपणारी नव्हती. म्हणून मकरसंक्रांतीनंतरचा आठवडा सोडून जानेवारीची अखेर निवडली. नाशिकला तेव्हा कडाक्याची थंडी असते आणि तिकडे सकाळ-संध्याकाळ सुखद हवा असते.

नाशिककरांना एक मोठी सोय आहे, ती म्हणजे दिल्लीहून एर्नाकुळमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस. ही गाडी नाशिक रोडला थांबते आणि पनवेलवरून कोकण रेल्वेने केरळात उतरते. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. आमच्या वेळी ही गाडी नाशिक रोडला मध्यरात्र उलटल्यावर येत होती आणि इथेच माझी चूक झाली. शुक्रवारी रात्री निघायचे म्हणून मी शुक्रवारची तारीख टाकली. प्रत्यक्षात आम्हाला हवी असलेली गाडी शनिवारच्या तारखेची होती. तिकीट रद्द करून पुन्हा काढावे लागले, तोवर खालचे बर्थ संपले होते आणि पत्नीला वरचा बर्थ घ्यावा लागला. मध्यरात्रीनंतरच्या गाडीचे तिकीट काढताना तारीख दोनदा वाचावी, ही साधी गोष्ट मी पैसे आणि मनस्ताप खर्चून शिकलो. कोकण रेल्वेचा बराचसा पट्टा मात्र दिवसाउजेडी पाहायला मिळाला. होन्नावरजवळचा शरावती नदीवरचा दोन किलोमीटरहून लांब पूल उतरत्या उन्हात ओलांडला, तेव्हा आईने खिडकीतून हात जोडले. नदी दिसली की हात जोडायचे, ही तिची आयुष्यभराची सवय आहे.

एर्नाकुळमला एक दिवस विश्रांती घेऊन आम्ही संध्याकाळी वैक्कमला मुक्काम केला. त्यामागे कारण होते. वैक्कम, कडुत्तुरुत्ती आणि एट्टुमानूर या तीन शिवमंदिरांची एकच कथा सांगतात. खरासुराने तपश्चर्येने मिळवलेली तीन लिंगे नेताना एक उजव्या हातात, एक डाव्या हातात आणि एक दातांत धरले होते, आणि ती या तीन ठिकाणी स्थापित झाली. एकाच दिवशी, मध्यान्हपूजेच्या आत तिन्हींचे दर्शन घ्यावे असा तिकडे संकेत आहे. तिन्ही मिळून तीस-पस्तीस किलोमीटरचा रस्ता आहे, म्हणजे अंतर अवघड नाही. अवघड आहे ती वेळ. आपल्याकडे काळारामाला किंवा त्र्यंबकेश्वरला दुपारी गेलो तरी दर्शन होते, त्यामुळे देऊळ बंद असू शकते हेच आपल्या मनात येत नाही. केरळातली बहुतेक देवळे भल्या पहाटे उघडतात, दुपारी बाराच्या आसपास बंद होतात आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास पुन्हा उघडतात. ही गोष्ट एकदा मनावर घेतली की निम्मा प्रवास आपोआप आखला जातो.

पहाटे साडेचारला आम्ही वैक्कमच्या दारात होतो. पुरुषांनी उघड्या अंगाने आत जायचे आणि कमरेला मुंडू नेसायचा. मी आदल्या दिवशी दुकानातून सोनेरी काठाचा पांढरा मुंडू आणला होता, पण चार लोकांसमोर सदरा काढताना संकोच वाटत होता. आई म्हणाली, "अरे, त्र्यंबकला गाभाऱ्यात जाताना सोवळं नेसतोसच की. इथे तेच, फक्त दारापासून." तिच्या या एका वाक्याने संकोच गेला. आत गेल्यावर जे दिसले ते मी विसरणार नाही. गाभाऱ्याभोवतीच्या भिंतीला बाहेरून लाकडी चौकटीत पणत्यांच्या रांगांवर रांगा बसवलेल्या होत्या. विजेचा दिवा जवळपास नव्हता आणि त्या लहान ज्योतींच्या उजेडात लंबगोल गाभाऱ्याचे तांब्याचे छप्पर अंधारातून हळूहळू वर येत होते. तिथली श्रद्धा अशी, की हा शंकर सकाळी दक्षिणामूर्ती म्हणजे गुरुरूप, दुपारी किरात म्हणजे शिकारी आणि संध्याकाळी पार्वती व मुलांसह कुटुंबवत्सल असतो. म्हणजे वेळ पाहून जाण्याला तिथे धर्माचाही आधार आहे.

पूजेची पावती घेण्याच्या खिडकीवर एक गोष्ट घडली. आपल्याकडे तीर्थोपाध्याय गोत्र विचारतात. तिथे नाव आणि जन्मनक्षत्र विचारतात. आईने "श्रवण" सांगितले. खिडकीतल्या गृहस्थांना ते कळेना. मागे उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी "तिरुवोणम" असे सांगताच त्यांचा चेहरा उजळला, कारण ओणमचा सण ज्या नक्षत्रावर येतो ते हेच. पावतीवर आईच्या नावापुढे मल्याळम् अक्षरांत ते नक्षत्र लिहिले गेले आणि आई त्या न वाचता येणाऱ्या अक्षरांकडे बराच वेळ पाहत राहिली. निघण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाचे नक्षत्र आणि त्याचे तिकडचे नाव कागदावर लिहून न्यावे. मृगाला ते मकयिरम् म्हणतात, ज्येष्ठेला तृक्केट्टा, स्वातीला चोती. प्रसादाचे चंदन पुजारी हाताला स्पर्श न करता केळीच्या पानाच्या तुकड्यावर वरून सोडतात; हात ओंजळीसारखा पुढे धरून थांबावे लागते.

उजाडल्यावर मी देवळाभोवतीच्या रस्त्यावरून एक फेरी मारली. ही फेरी माझ्यासाठी दर्शनाइतकीच महत्त्वाची होती. या देवळाभोवतीच्या चार रस्त्यांवरून चालायलाही तथाकथित खालच्या जातींना मज्जाव होता. त्याविरुद्ध 30 मार्च 1924 रोजी इथे सत्याग्रह सुरू झाला. त्या वर्षीच्या महापुरात सत्याग्रही पाण्यात उभे राहिले, पण हटले नाहीत. तमिळनाडूहून समाजसुधारक पेरियार ई. व्ही. रामस्वामी इथे आले आणि तुरुंगात गेले. पुढल्या वर्षी गांधीजी आले. 1925च्या अखेरीस चारपैकी तीन बाजूंचे रस्ते मोकळे झाले, आणि देवळाचे दार उघडायला मात्र 12 नोव्हेंबर 1936 ची त्रावणकोरच्या महाराजांची घोषणा यावी लागली. मी ज्या पंचवटीत वाढलो, तिथल्या काळाराम मंदिराच्या दारात 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे चालवला. लहानपणापासून ज्या दारातून मी सहज आत-बाहेर केले, त्या दाराचे मोल मला वैक्कमच्या रस्त्यावर पुन्हा जाणवले. गावात पेरियारांचे स्मारक आहे. तिथे अर्धा तास तरी द्यावा.

कडुत्तुरुत्तीचे देऊळ शांत आहे, तिथे फार थांबावे लागले नाही. एट्टुमानूरला आम्ही दहाच्या आत पोहोचलो. गोपुरातल्या भिंतीवर शिवाच्या प्रदोषनृत्याचे जुने भित्तिचित्र आहे. ते पाहायला मान वर करून उभे राहावे लागते आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत काहीच दिसत नाही. मग एकेक हात, एकेक सर्प उमटू लागतो. अकराच्या सुमारास आमची तिन्ही दर्शने पुरी झाली होती. आमचा गाडीवान आईला "अम्मा" म्हणत असे. त्याने सांगितले की कंपनीच्या गाड्या नेमक्या याच वेळेला वैक्कमकडे निघतात.

दुपार पाण्याच्या काठी काढली. वेंबनाड सरोवराच्या काठावर कुमरकमला पक्षी अभयारण्य आहे. पक्षी पाहायचे तर पहाटे सहाला आत शिरावे, म्हणून आम्ही तिथेच मुक्काम केला. जानेवारीत बाहेरून आलेले पाहुणे पक्षी असतात. तिथले स्थानिक पक्षी मात्र पावसाळ्यात घरटी करतात. आमच्या नाशिकचे नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, 2020 मध्ये जाहीर झालेले. वेंबनाडला तो मान 2002 मध्ये मिळाला. पाणकावळे, रातबगळे, जांभळी पाणकोंबडी हे सगळे आईने नांदूरच्या मनोऱ्यावरून पाहिलेले होते. "ही तर आपलीच मंडळी," असे ती म्हणाली.

कुमरकमहून कुमिळीचा रस्ता रबराच्या बागांतून चढत चहाच्या मळ्यांत जातो. वळणे पुष्कळ आहेत. आईला मळमळीची गोळी आधी दिली नसती तर हा टप्पा कठीण गेला असता. थेक्कडीच्या पेरियार व्याघ्र प्रकल्पात खाजगी वाहन बोटीच्या धक्क्यापर्यंत जाऊ देत नाहीत. वाहनतळापासून वनखात्याची बस पकडावी लागते, त्यामुळे साडेसातच्या बोटीसाठी सहा वाजताच तयार राहावे. दिवसभरात पाच फेऱ्या असतात आणि पहिली व साडेतीनची शेवटची या दोनच फेऱ्यांचे तिकीट घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिकीट आधी ऑनलाइन काढावे आणि प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ ठेवावे. 2009 मध्ये याच सरोवरात बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. आता जीवरक्षक जाकीट बांधल्याशिवाय बोट हलत नाही आणि जागेवरून उठू देत नाहीत. आईला जाकिटाचे पट्टे काचत होते, तरी तिने तक्रार केली नाही.

हे सरोवर निसर्गाने घडवलेले नाही. 1895 मध्ये मुल्लपेरियार धरण झाले, दरी बुडाली आणि दरीतली झाडे पाण्यात उभी राहिली. शंभरहून अधिक वर्षांनंतरही त्यांचे काळे खुंट पाण्याबाहेर डोकावतात. धुक्यात अशा एका खुंटावर तिरंदाज पक्षी पंख पसरून वाळवत बसला होता आणि बोट हातभर अंतरावरून गेली तरी तो हलला नाही. पुढे काठावर गवे दिसले, सांबरे दिसली, पाणमांजरांचे एक कुटुंब पाण्यातून बाहेर येऊन पुन्हा शिरले. मार्च-एप्रिलमध्ये आतले पाणवठे आटले की प्राणी काठावर अधिक येतात. जानेवारीत खात्री देता येत नाही, हे मी आईला आधीच सांगून ठेवले होते. तासभर गेला. परतीच्या वळणावर बोटवाल्याने एंजिन बंद केले आणि हाताने डावीकडे खुणावले. गवताच्या उतारावरून पाच हत्तिणी पाण्याकडे उतरत होत्या आणि त्यांच्या पायांमधून एक पिल्लू चालत होते. पाण्याशी येताच पिल्लू थांबले, तेव्हा मागच्या हत्तिणीने सोंडेने त्याला हलकेच पुढे ढकलले. बोटीत साठ-सत्तर माणसे असतील, पण एकही शब्द झाला नाही. आईने माझा हात घट्ट धरला होता आणि ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. त्याच दुपारी मुक्कामाच्या अंगणातल्या झाडावर शेकरू दिसला. भीमाशंकरच्या शेकरूपेक्षा याचा रंग बराच गडद होता.

शेवटचा टप्पा गुरुवायूरचा. कुमिळीहून तिथवरचा प्रवास दिवसभराचा आहे, त्यामुळे त्या दिवशी दुसरे काही ठेवू नये. पहाटे तीनचे निर्माल्यदर्शन आईने आग्रहाने घेतले.  मोबाइल बाहेर ठेवावा लागतो आणि कपड्यांचे नियम वैक्कमसारखेच आहेत. दुपारी गाडीवान आम्हाला जवळच्या पुन्नत्तूर कोट्टात घेऊन गेला. भक्तांनी देवाला वाहिलेले हत्ती तिथे ठेवतात. ते नारळीच्या झावळ्या खात उभे होते, प्रत्येकाच्या पायात साखळी होती आणि काही एकाच जागी अंग डोलवत होते. आई पहिल्या तीन हत्तींपाशी थांबली. तिने गाडीवानाला विचारले, "बाळा, यांना एकत्र कधी सोडतात का?" तो म्हणाला, "रोज आंघोळ घालतात, अम्मा. पण एकत्र सोडत नाहीत." ती आणखी पुढे गेली नाही. पुढचे पाहायचे राहिले असे मी म्हणालो, तेव्हा तिने मान हलवली आणि गाडीत जाऊन बसली. संध्याकाळी आम्ही त्रिशूरला मुक्कामाला गेलो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच नाशिक रोडची गाडी धरली.