‘साका’ टाकून पेपर सापडत नाहीत

एमएस्सीच्या प्रकल्पाला विषय मिळतो हापूसमधला साका (फळातला गर स्पंजासारखा होण्याची विकृती), आणि लायब्ररीच्या संगणकावर पहिला सर्च होतो तो असा: ‘कॉझेस ऑफ साका इन रत्नागिरी हापूस मँगो’. रिझल्ट शून्य, नाहीतर दोन-चार भलतेच. लगेच निष्कर्ष निघतो की यावर कामच झालेलं नाही. काम भरपूर झालेलं आहे, पण ते ‘स्पंजी टिश्यू’ या नावाखाली. जुन्या लिखाणात ‘इंटर्नल ब्रेकडाउन’ हेही नाव आढळतं. हापूस तिथे अल्फान्सो असतो, आणि त्याचं स्पेलिंग कुणी पीएच घालून करतं, कुणी एफ घालून. (सोयीसाठी इथे सगळं देवनागरीत लिहितोय, सर्चच्या चौकटीत रोमन लिपीतच टाकायचं.)

डेटाबेसला, म्हणजे पेपर शोधायच्या साइटला, अख्खं वाक्य देऊ नका. संगणकापुढे बसण्याआधी कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात फळ: मँगो, मँगोज, ‘मँजिफेरा इंडिका’. दुसऱ्यात विकृती: ‘स्पंजी टिश्यू’, ‘इंटर्नल ब्रेकडाउन’. तिसऱ्यात तुम्हाला हवी असलेली बाजू, म्हणजे कॅल्शियम, तापमान, काढणीची पक्वता यांपैकी जे असेल ते. एका रकान्यातले शब्द ‘ऑर’ने जोडून कंसात घाला आणि कंस एकमेकांना ‘अँड’ने जोडा. दोन शब्दांची संज्ञा दुहेरी अवतरणात, नाहीतर ‘टिश्यू’ एकीकडे आणि ‘स्पंजी’ तिसरीकडे असलेले पेपरही गळाला लागतात.

रत्नागिरी, देवगड, कोकण यांचा चौथा रकाना करायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. संशोधन कुठल्या बागेत झालं हे बहुतेक वेळा पेपरच्या आत, पद्धतीच्या भागात असतं. शीर्षकात आणि गोषवाऱ्यात नसतं. गावाचं नाव सक्तीचं केलंत की नेमके उपयोगाचे पेपर गळतात. गाव नंतर, पेपर चाळताना बघा.

पहिल्या फेरीत दहा-बारा बरे पेपर मिळाले की थांबा आणि त्यांचे कीवर्ड वाचा. साक्याच्या बाबतीत फळ झाडावर असतानाच कोयीत सुरू होणाऱ्या रुजण्याच्या प्रक्रियेवर काम झालेलं आहे, म्हणजे ‘सीड जर्मिनेशन’ हा शब्द दुसऱ्या फेरीत हवा. तो घरी बसून सुचला नसता. खरा शोध इथे सुरू होतो, आणि नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक जण पीडीएफ गोळा करून उठतात.

शास्त्रीय नावाला पर्याय नाही, पण तेही पूर्ण टाका. कोकमासाठी नुसतं ‘गार्सिनिया’ टाकलंत तर गार्सिनिया कँबोजिया आणि वजन घटवायच्या गोळ्यांवरच्या पेपरांचा लोंढा येतो. ‘गार्सिनिया इंडिका’ हवं. बांगड्यासाठी ‘रास्ट्रेलिगर कानागुर्ता’. व्हॅनामी कोळंबी पिनियस आणि लिटोपिनियस अशा दोन्ही नावांनी आढळते, तेव्हा दोन्ही ‘ऑर’ने जोडा.

शब्दाच्या शेवटी तारा (*) लावला की पुढची सगळी रूपं येतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ‘मँगो’ला तारा लावलात तर मँगोस्टीनही येतं, कोकमाचंच भावंड. त्यापेक्षा ‘मँगो ऑर मँगोज’ लिहिलेलं बरं. शिवाय तारा सगळीकडे चालत नाही. सायन्सडायरेक्ट ही एल्सेव्हिअर प्रकाशनाची साइट तो मानत नाही, आणि तिथे एका चौकटीत अँड-ऑर-नॉट मिळून आठच जोडण्या चालतात. रकान्यांत शब्द वाढले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते, मग रकाने कापून दोन-तीन सर्च करावे लागतात. गूगल स्कॉलरलाही ताऱ्याने शब्दाची रूपं मिळत नाहीत, आणि रिझल्ट कितीही हजार दाखवले तरी बघायला पहिले १,००० च मिळतात.

कंसांचा कंटाळा करू नका. वेब ऑफ सायन्स या डेटाबेसमध्ये ‘अँड’ आधी सुटतं, ‘ऑर’ नंतर; सगळेच डेटाबेस हा क्रम पाळत नाहीत. बिनकंसाची तीच ओळ वेगळ्या क्रमाच्या डेटाबेसमध्ये टाकली तर अर्थ बदलतो, आकडे जुळत नाहीत आणि दोष सर्व्हरला जातो. ‘नॉट’ शक्यतो वापरूच नका. ‘नॉट बनाना’ म्हटलंत की आंबा आणि केळी यांची तुलना करणारा चांगला पेपरही जातो.

आता ॲक्सेसचं. सर्च चुकणं वेगळं आणि पीडीएफ न उघडणं वेगळं. कॅम्पसमध्ये प्रकाशकाची साइट तुम्हाला आयपी पत्त्यावरून, म्हणजे संस्थेच्या नेटच्या क्रमांकावरून ओळखते. लायब्ररीत बसून फोन मोबाइल डेटावर असेल तर तुम्ही साइटच्या लेखी बाहेरचेच, आणि पुढ्यात पैसे भरायचं पान येतं. आधी वायफाय तपासा. पानाच्या वरच्या बाजूला संस्थेचं नाव दिसतंय का बघा. नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. घरून बघायचं तर संस्थेमार्फत लॉगिनचा पर्याय घ्या, फेडरेशनच्या यादीत इनफेड (भारतीय संस्थांच्या लॉगिनची सामाईक व्यवस्था) निवडा, मग आपली संस्था. इथे पुष्कळ जण संलग्न कॉलेजात शिकत असताना विद्यापीठाचं नाव निवडतात. खातं ज्या संस्थेने दिलं, तिचंच नाव हवं.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’, म्हणजे नियतकालिकांची वर्गणी केंद्र सरकारने एकत्र भरायची योजना, १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालं: ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. पण ते केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्था व केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. आपलं कॉलेज त्यात बसतं की नाही, हे ग्रंथपालांना विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला नको.

लाइट आणि नेट जायच्या आत सगळं उतरवून घेऊ, हा जून-जुलैतला विचार समजण्यासारखा आहे. पण डाउनलोड मॅनेजर लावून अख्खे अंक ओढू नका. प्रकाशकाच्या यंत्रणेला ते लगेच कळतं, आणि बंद होतो तो संस्थेचा आयपी, म्हणजे सगळ्या कॅम्पसचा ॲक्सेस. लागणारे पेपर एकेक करून उतरवा. ॲड्रेस बारमधली लिंकही साठवू नका, सेशन संपलं की ती मरते. १० ने सुरू होणारा डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा.

प्रबंधांसाठी शोधगंगा हे विद्यापीठांच्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, पण कृषी विद्यापीठांचे प्रबंध आधी कृषिकोश या त्यांच्या भांडारात बघा; दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं काम तिथे शोधायचं. शोधगंगेवर प्रबंध प्रकरणवार तुटक फायलींत असतो, त्यामुळे नुसती पहिली फाइल उघडून ‘मजकूरच नाही’ म्हणू नका. मराठी प्रबंधाचं शीर्षक देवनागरीत सापडलं नाही तर रोमनमध्ये टाकून बघा, नोंद करणाऱ्याने कसं लिहिलंय यावर ते असतं. मत्स्यविषयासाठी सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं ई-प्रिंट्स भांडार खुलं आहे, लॉगिनची भानगड नाही. आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) बरीच नियतकालिकंही फुकट वाचता येतात.

एवढं करूनही पेपर मिळाला नाही तर ग्रंथपालांकडे मागणी नोंदवा. शीर्षक, नियतकालिक, वर्ष, खंड, पृष्ठं आणि डीओआय, सगळं टाइप करून द्या. स्क्रीनशॉट पाठवू नका; त्यात नेमका डीओआयच कापलेला असतो.